गोल्फ: उजवीकडे पळणारा चेंडू आणि हातात बसलेली खोड

आउट ऑफ बाउंड | रविवार, रात्री १०:१२

इथे क्रिकेटवर शेकडो धागे आहेत, गोल्फवर शोधून सापडत नाहीत. तेव्हा 'श्रीमंतांचे चोचले' असा पहिला प्रतिसाद येणार हे धरूनच लिहायला घेतोय.

वय ५१, मुक्काम पुणे. आठ वर्षांपूर्वी ऑफिसातल्या एका वरिष्ठांच्या आग्रहाने हातात क्लब (गोल्फची काठी) घेतला. शिकवणी वगैरे काही नाही, बघून बघून शिकलो. हँडिकॅप (जितका कमी तितका खेळ चांगला) २४ वर येऊन जो बसलाय तो तिथून हलत नाही. दुखणं एकच, ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायचा क्लब. चेंडू सरळ निघतो, लोक "वा" म्हणायला तोंड उघडतात आणि तेवढ्यात तो उजवीकडे वळायला लागतो, तो झाडीत जाईपर्यंत वळतच राहतो. ह्याला स्लाइस म्हणतात. आमचे कॅडीमामा, म्हणजे क्लबांची बॅग वाहणारे, साठीचे आहेत. मी टी (चेंडू ठेवायची खुंटी) खोचायला वाकलो की ते उजवीकडच्या झाडीकडे चालू लागतात. मी मारायच्या आधी! पहिल्यांदा अपमान वाटला होता, आता वेळ वाचतो.

शेवटी दोन महिन्यांपूर्वी एका प्रोकडे (व्यावसायिक शिक्षकाकडे) गेलो. त्याने दोन चेंडू पाहिले आणि माझा डावा हात धरून क्लबवर थोडा उजवीकडे फिरवला. आधी वरून पाहिलं की बोटाचं एकच पेर दिसायचं, आता अडीच दिसली पाहिजेत म्हणाला. मारला, तर चेंडू डावीकडे. सरळ, झणझणीत, आणि चाळीस यार्ड डावीकडे. "होईल," म्हणाला. दोन आठवडे रोज रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, बादलीभर चेंडू मारले, सगळे डावीकडे. मग शनिवारी आमच्या चौघांचा शंभर रुपयांचा डाव होता. सहाव्या होलवर डावीकडे पाणी आहे. तिथे कुणाला न कळता मी हात होता तसा जुन्या जागी नेला आणि मारला. चेंडू उजवीकडे, झाडीत, मामांच्या जवळपास.

आणि खरं सांगतो, बरं वाटलं.

माझा प्रश्न तोच आहे. चुकीचाच फटका होता, चुकीच्याच ठिकाणी गेला, तरी बरं का वाटलं? आणि दुसरं, चेंडू नसताना माझा सरावाचा स्विंग पाहून लोक विचारतात कुठे शिकलात. चेंडू ठेवला की तोच माणूस लाकूड फोडतो. हे काय गौडबंगाल आहे?

---

वाचनमात्र | रविवार, रात्री १०:१९

श्रीमंतांचे चोचले.

(लिहून टाकलं एकदाचं. आता चर्चा करा.)

---

देवळाली कॅम्प | रविवार, रात्री ११:०५

फौजेत बत्तीस वर्षं काढली, त्यामुळे गोल्फ फुकटात शिकलो आणि फुकटातच बिघडवला. तुमचं वाचून हसू आलं, कारण ह्या वाटेने मीही गेलोय.

तुमच्या प्रोने चूक बरोबर पकडली, पण अर्धीच. दोष एक नसतो, जोडी असते. चेंडू निघतो कुठे, हे मुख्यत्वे आघाताच्या क्षणी क्लबफेस, म्हणजे क्लबचा चेंडूला लागणारा चेहरा, कुठे बघतोय त्यावर ठरतं. ड्रायव्हरला तर ऐंशी टक्क्यांहून जास्त. तो पुढे वळतो कुठे, हे फेस आणि स्विंगची वाट ह्यांच्यातल्या फरकावर. आमच्या वेळी उलटं शिकवायचे, की चेंडू निघतो स्विंगच्या वाटेने आणि वळतो फेसकडे. चेंडूची वाट मोजणारं रडार आल्यावर ते खोटं ठरलं.

आता तुमचा फटका बघा. चेंडू सरळ निघतो, म्हणजे फेस लक्ष्याकडे आहे. उजवीकडे वळतो, म्हणजे क्लब बाहेरून आत, डावीकडे कापत येतोय. तुमच्या जुन्या ग्रिपमुळे, म्हणजे पकडीमुळे, फेस उघडा (उजवीकडे बघत) राहतो. उघड्या फेसने सरळ मारलं तर चेंडू पहिल्यापासूनच उजवीकडे जाईल. म्हणून शरीराने आठ वर्षांत आपणहून उपाय शोधला: खांदा पुढे काढून क्लब डावीकडे ओढायचा. उघडा फेस अधिक डावी ओढ, बेरीज सरळ सुरुवात. प्रोने ग्रिप सुधारली, फेस बंद झाला. ओढ मात्र तशीच. मग चेंडू डावीकडे जाणार नाही तर कुठे जाणार?

म्हणजे तुमची खोड ही चूक नव्हती हो. ते दुसऱ्या चुकीवरचं औषध होतं. रोग काढला आणि औषध चालू ठेवलं, म्हणून हे झालं. स्लाइसवाला माणूस पुढे अजून एक करतो, झाडीला घाबरून डावीकडे तोंड करून उभा राहतो. तो जितका डावीकडे वळेल तितकी ओढ वाढते, तितकी स्लाइस वाढते. तुमच्या पायांची दिशा तपासा. पैज लावतो, डावीकडे असणार.

---

गल्ली क्रिकेट | सोमवार, सकाळी ८:३१

धागाकर्ते, तुम्ही क्रिकेट खेळलायत का? आपल्याकडे हा प्रश्न आधी विचारायचा.

कारण मी खेळलोय, तालुका पातळीपर्यंत, आणि माझी स्लाइस थेट कव्हर ड्राइव्हमधून आली. लहानपणापासून सरांनी डोक्यात भरलेलं: बॅटचा पूर्ण चेहरा चेंडूला दाखव, मनगट वळवू नकोस, कोपर वर. बॅटची दांडी आणि पातं एका रेषेत असतात, म्हणून ते चालतं. गोल्फच्या क्लबचं डोकं दांडीच्या एका बाजूला चिकटलेलं असतं. मागे नेताना ते उघडतंच, आणि चेंडूपाशी येताना हातांच्या फिरण्याबरोबर ते मिटलं पाहिजे. आपण "चेहरा धरून ठेव" ह्या संस्काराने ते मिटू देत नाही. झाली स्लाइस.

वीस वर्षं ज्या गोष्टीसाठी शाबासकी मिळाली ती गोष्ट अचानक खोड ठरली. वाईट सवय म्हणून कुणी काही शिकत नाही, चांगली म्हणूनच शिकतो. मैदान बदलतं.

---

आउट ऑफ बाउंड | सोमवार, सकाळी ९:०२

@देवळाली कॅम्प, सर, पाय तपासले. पैज जिंकलात. घरच्या फरशीच्या रेषेवर उभं राहून बायकोला फोटो काढायला लावला. मला वाटतं मी सरळ उभा आहे. फोटोत मी शेजाऱ्यांच्या दाराकडे तोंड करून आहे.

@गल्ली क्रिकेट, हो, कॉलेजच्या टीममध्ये होतो. ओपनर. कव्हर ड्राइव्ह बरा होता असं म्हणायचे.

---

ह्यूस्टनकर | सोमवार, सकाळी ९:४०

इथे टेक्सासात महापालिकेची गोल्फ मैदानं आहेत. चपला सोडून काहीही घालून या, म्हणून 'चोचले'वाल्यांना आधी नमस्कार.

माझं मत: अर्धवट सोडू नका. इंग्लंडचा निक फाल्डो १९८५ साली काही पडेल खेळाडू नव्हता, युरोपात स्पर्धा जिंकलेला होता. तरी डेव्हिड लेडबेटर ह्या प्रशिक्षकाकडे जाऊन त्याने स्विंग पार मोडून नव्याने बांधला. जवळजवळ दोन वर्षं निकाल वाईट. मग १९८७ ला म्युअरफिल्डला ब्रिटिश ओपन जिंकला आणि शेवटच्या दिवशी अठराच्या अठरा होल पारमध्ये, म्हणजे प्रत्येकी ठरलेल्या फटक्यांत. एकही बर्डी (एक फटका कमी) नाही, एकही बोगी (एक जास्त) नाही. पुढे त्याची एकूण सहा मेजर (वर्षातल्या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धांपैकी) झाली.

टायगर वुड्सचं तर त्याहून वेडं. १९९७ चं मास्टर्स १२ फटक्यांनी जिंकल्यावर त्याने आपला स्विंग पाहिला आणि प्रशिक्षक बुच हार्मनबरोबर तो बदलायला घेतला. १९९८ मध्ये पीजीए टूरवर, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांत, त्याने एकच स्पर्धा जिंकली. लोक म्हणाले संपला. २००० चं यूएस ओपन १५ फटक्यांनी जिंकला आणि २००१ चं मास्टर्स धरून सलग चार मेजर. मधली दोन वर्षं दाताखाली धरावीच लागतात. तुम्ही दोन आठवड्यांत हातपाय गाळताय.

---

चौथा पुट | सोमवार, दुपारी १:१५

ह्यूस्टनकर, तुमची उदाहरणं खरी, निष्कर्ष धोकादायक. फाल्डो दिवसभर चेंडू मारायचा, तो त्याचा धंदा होता. आपल्या धागाकर्त्याला सोमवारी ऑफिस आहे.

आणि बुडालेल्यांची नावं कोण घेणार? इयन बेकर-फिंच. १९९१ चा ब्रिटिश ओपन विजेता. जिंकल्यावर अजून लांब मारायचं म्हणून स्विंगमध्ये हात घातला. लांबी राहिली बाजूला, ड्रायव्हरवरचा भरवसाच गेला. १९९७ ला रॉयल ट्रूनला त्याच ब्रिटिश ओपनमध्ये पहिल्या दिवशी ९२ फटके, प्रोसाठी लाजिरवाणे. दुसऱ्या दिवशी खेळलाच नाही.

उलट जिम फ्युरिक बघा. क्लब वर नेतो एका वाटेने, खाली आणतो भलत्याच वाटेने, मध्ये एक गिरकी. कुठल्याही प्रोने पहिल्या दिवशी मोडून काढला असता. वडिलांनीच शिकवलं त्याला, आणि त्यांनी तो मोडू दिला नाही. २००३ चं यूएस ओपन, आणि २०१६ मध्ये एका फेरीत ५८. पीजीए टूरवर इतकी कमी धावसंख्या, म्हणजे फटकेसंख्या, त्याआधी कुणाचीच नव्हती.

आपल्याकडचंही सांगतो. एसएसपी चौरसिया, रॉयल कलकत्ता क्लबच्या माळ्याचा मुलगा. बघून बघून शिकला. लांब मारण्यात इतरांच्या मागे, पण ग्रीनच्या (भोकाभोवतीच्या गुळगुळीत गवताच्या) आसपास असा तरबेज की तिथल्या चिप आणि पट ह्या छोट्या फटक्यांवरून 'चिपपटशिया' नाव पडलं. २००८ ला दिल्लीत इंडियन मास्टर्स जिंकला, पुढे इंडियन ओपन लागोपाठ दोनदा.

एक्कावन्नाव्या वर्षी स्लाइस घेऊन जगा. डावीकडे तोंड करा, मारा, फेअरवेवर (मधल्या कापलेल्या गवतावर) आणा. उरलेला वेळ पटिंगला, म्हणजे चेंडू भोकात ढकलायला, द्या, फटके तिथेच वाचतात. (माझ्या आयडीकडे पाहून हसू नये.)

---

देवळाली कॅम्प | सोमवार, दुपारी २:५०

चौथा पुट, पटिंगचं शंभर टक्के मान्य. पण फ्युरिकची गिरकी आणि ह्यांची ओढ एका मापाने मोजू नका. फ्युरिकचा क्लब वर काहीही करो, चेंडूपाशी दर वेळी एकाच कोनात येतो. खोड दिसायला वेडीवाकडी असणं वेगळं, आणि आघातालाच घात करणारी असणं वेगळं. ह्यांचा चेंडू दर वेळी सारखा वळत असता तर मी म्हटलं असतं ठेवा. पण स्लाइस कधी वीस यार्ड वळते, कधी साठ. तिच्यावर हिशोब बसवता येत नाही.

---

चौथा पुट | सोमवार, दुपारी ३:०४

हे मान्य. वळण ठरलेलं असेल तर ठेवा, नसेल तर काढा. एवढ्यापुरता मागे येतो. बाकी मुद्द्यांवर ठाम.

---

फिजिओताई | सोमवार, रात्री ९:२६

गोल्फ खेळत नाही. पण रुग्णांचे जुने चालायचे ढंग सोडवणं हाच माझा दिवसभराचा उद्योग, म्हणून 'बरं का वाटलं' ह्या प्रश्नावर थांबले. प्रश्न फार चांगला आहे.

नवीन हालचाल शिकताना सुरुवातीला ती डोक्याने चालते: हात इथे, कोपर तिथे. हजारो वेळा केली की मेंदू ती खालच्या मजल्यावर पाठवतो, बेसल गँग्लिया आणि लहान मेंदूकडे, आणि आपल्याला विचारणंच बंद करतो. जिना उतरताना कुठला पाय आधी टाकायचा हे आपण ठरवत नाही, तसं. ह्या पातळीवर मेंदूला 'बरोबर' म्हणजे 'अपेक्षेप्रमाणे' एवढंच कळतं. झाडीत जाणारा चेंडू तुमच्या शरीराच्या अंदाजाशी तंतोतंत जुळला. डावीकडचा जुळत नव्हता. म्हणून बरं वाटलं. माझे रुग्णही लंगडं चालताना म्हणतात, "ताई, हे सरळ वाटतंय, तुम्ही करायला लावता ते वाकडं."

दुसरी गोष्ट वाईट बातमीसारखी आहे. जुनी हालचाल पुसली जात नाही. पावलोवच्या कुत्र्यांची अर्धी गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते: घंटा, मग लाळ. उरलेली अर्धी अशी. नंतर घंटा वाजवून अन्न दिलंच नाही, तेव्हा हळूहळू लाळ थांबली. पण कुत्र्याला विश्रांती देऊन पुन्हा घंटा वाजवली तर लाळ परत आली. सवय गेली नव्हती, झाकली गेली होती. जागा बदलली, ताण आला, दमलो, की झाकण उडतं. तुमचं सहाव्या होलवरचं पाणी, शंभर रुपये आणि तीन मित्र, हे सगळं मिळून ती घंटा.

चेंडूचंही तेच. सरावाच्या स्विंगला चेंडू नसतो, म्हणून जुना कार्यक्रम सुरूच होत नाही. चेंडू हीच तुमची घंटा आहे.

---

गल्ली क्रिकेट | सोमवार, रात्री ९:४४

"चेंडू हीच तुमची घंटा." दंडवत ताई.

अवांतर: घरी बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, तुमचा फोन पण.

---

ह्यूस्टनकर | सोमवार, रात्री ११:३०

पण ताई, मारता मारता सुधारता येत नाही का? खाली येताना जाणवतं ना, की खांदा पुढे निघाला.

---

फिजिओताई | मंगळवार, सकाळी ७:१०

जाणवतं तोवर उशीर झालेला असतो. वाचून खात्री केली: वरून निघून चेंडूपर्यंत यायला साधारण पाव सेकंद लागतो. काही दिसलं, त्यावर शरीराने हालचाल केली, ह्यालाच सुमारे पाचवा भाग सेकंद जातो. चेंडू क्लबला चिकटलेला असतो तो तर अर्धा मिलिसेकंद. म्हणजे क्लब खाली निघाला की पत्र पेटीत पडलं. जे काय करायचं ते आधी, वर जाताना किंवा त्याही आधी.

अजून एक, हे थेट गोल्फमधलं आहे. गॅब्रिएले वुल्फ ह्यांनी १९९९ मध्ये नवख्यांना पिच, म्हणजे जवळून उडवायचे छोटे फटके, शिकवले. अर्ध्यांना सांगितलं, हातांच्या हालचालीकडे लक्ष द्या. अर्ध्यांना सांगितलं, क्लबच्या झोक्याकडे लक्ष द्या. क्लबवाले जास्त अचूक निघाले, दुसऱ्या दिवशी काहीच सूचना न देता खेळवलं तरीही. स्वतःच्या अवयवांवर पहारा बसवला की हालचाल आखडते. तेव्हा 'खांदा मागे ठेव' ह्यापेक्षा 'क्लबचं डोकं तिकडच्या झाडाकडे फेक' अशी सूचना स्वतःला द्या.

---

रेमिंग्टन | मंगळवार, सकाळी ११:४८

गोल्फचं मैदान फक्त टीव्हीवर पाहिलंय. तरी लिहितो.

मी मराठी टायपिंगची ३० शब्दांची परीक्षा रेमिंग्टनच्या कळफलकावर दिली. पुढे ऑफिसात इनस्क्रिप्ट आलं. पहिले दोन महिने वेग दहावर. रोज वाटायचं, आज गुपचूप जुना कळफलक लावतो आणि काम उरकतो. साहेबांनी संगणकावरून तो काढूनच टाकला म्हणून निभावलो. आता इनस्क्रिप्टवर चाळीसच्या पुढे आहे. पण मागे एका जुन्या तालुका कचेरीत टाइपरायटर दिसला, सहज बोटं ठेवली आणि 'महाराष्ट्र' टाइप झालं. वीस वर्षांनी! ताई म्हणतात ते खरं, काही पुसलं जात नाही.

माझ्या अनुभवात दोन्ही एकाच वेळी चालवणारे सहकारी सगळ्यात जास्त अडकले. सकाळी हे, दुपारी ते. तुम्ही रेंजवर नवीन आणि शनिवारी जुनं करताय. शनिवार बंद करा काही दिवस.

---

तिरकिट | मंगळवार, दुपारी ४:२०

रेमिंग्टनना अनुमोदन. तबल्यात आम्ही म्हणतो 'हात बसला'. चुकीचाही तितकाच पक्का बसतो, ही त्यातली अडचण. मी आधी एका ठिकाणी शिकलो तिथे 'तिरकिट'चा निकास चुकीच्या बोटांनी बसला. दुसऱ्या गुरुजींकडे गेल्यावर त्यांनी सहा महिने द्रुत लय बंद केली. एक आवर्तन म्हणजे जणू रविवारची दुपार, इतकं संथ. मी म्हटलं, गुरुजी, जुन्या हाताने चौपटीत वाजतं. म्हणाले, "वाजतं म्हणूनच बंद."

वेगात हात जुना रस्ताच धरतो. संथ लयीत नवा रस्ता निदान दिसतो तरी. गोल्फमध्ये संथ मारता येतं का?

---

देवळाली कॅम्प | मंगळवार, सायंकाळी ६:३५

येतं, पण कुणी मारत नाही. रेंजवर जा आणि बघा, प्रत्येक जण ड्रायव्हर काढून जीव खाऊन मारतोय. सात नंबरच्या लोखंडी क्लबने अर्ध्या स्विंगचे चेंडू पन्नास-साठ यार्ड मारणारा दिसला तर समजा तो खरा शिकतोय.

आउट ऑफ बाउंड, तुम्हाला एक उपाय देतो. ड्रायव्हरची टोपी, म्हणजे ते लोकरीचं हेडकव्हर, चेंडूच्या पलीकडे वीतभर अंतरावर आणि किंचित मागे ठेवा. खांदा पुढे काढून बाहेरून आलात तर क्लब टोपीला लागेल. टोपी वाचवायची, बाकी काही विचार करायचा नाही. ताईंच्या क्लबवाल्या सूचनेत हे बसतंच. आणि मनात धरा की चेंडू लक्ष्याच्या उजव्या बाजूला मारायचाय. क्रिकेटच्या भाषेत, मिड-ऑन सोडा, एक्स्ट्रा कव्हर धरा. उजवीकडे जाणारा चेंडू थांबवायला उजवीकडे मारायचं, हे मनाला पटायला सगळ्यात कठीण. मला वर्ष लागलं.

---

खारघरचा वारा | बुधवार, सकाळी ७:५५

धागा मस्त चाललाय. सिडकोच्या खारघर व्हॅलीवर खेळतो. तिथला वारा स्लाइसला अजून बारा वाटा दाखवतो, म्हणून आयडी असा.

रेंजच्या चटईबद्दल कुणी बोललं नाही. चटई खोटं बोलते. चेंडूच्या मागे जमिनीत मारलं तरी क्लब घसरत चेंडूपर्यंत जातो आणि फटका बरा वाटतो. गवतावर तोच फटका ढेकूळ उडवून वीस यार्ड जातो. शिवाय तिथे एकाच क्लबने, एकाच जागी, एका मागून एक पन्नास चेंडू. तिसाव्यानंतर सगळे सरळ जायला लागतात आणि माणूस जिंकल्यासारखा घरी येतो. शिया आणि मॉर्गन ह्यांचा १९७९ चा प्रयोग आहे. एकाच हालचालीचा सलग सराव करणारे सरावात पुढे दिसले, हालचाली मिसळून करणारे मागे. काही दिवसांनी पुन्हा तपासलं तेव्हा उलटं. तो गोल्फवर नव्हता, लाकडी अडथळे पाडण्यावर होता, पण माझ्या बाबतीत जसाच्या तसा लागू पडला. आता प्रत्येक चेंडूला क्लब बदलतो, दिशा बदलतो, मागे जाऊन पुन्हा उभा राहतो. पन्नासऐवजी वीसच होतात. रेंजवाला हसतो.

---

तिरकिट | बुधवार, सकाळी ९:१२

म्हणजे आधी संथ आणि एकच, मग मिसळून? की पहिल्यापासून मिसळून? इथे गोंधळ होतोय माझा.

---

फिजिओताई | बुधवार, दुपारी १:३०

हालचाल अजून आकारालाच आली नसेल तर एकसारखा सराव चालेल. आकार आला की लगेच मिसळा. बहुतेक जण पहिल्याच टप्प्यात राहतात कारण तिथे छान वाटतं.

सूचनांचं ओझंही कमी ठेवा. रिच मास्टर्स ह्यांचा १९९२ चा पटिंगवरचा प्रयोग आहे. एका गटाला तंत्राचे लेखी नियम दिले. दुसऱ्याला काहीच नाही, उलट शिकताना सतत अक्षरं मोठ्याने म्हणायला लावली, म्हणजे नियम सुचायलाच नकोत. मग पैशांचा आणि परीक्षकाचा ताण दिला. नियमवाले अडखळले, अक्षरंवाले अडखळले नाहीत. शंभर रुपयांचा डाव लावणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

---

वाचनमात्र | बुधवार, दुपारी २:०२

पहिला प्रतिसाद मागे घेतो. मला पण सातवीपासून पेन चुकीचं धरायची सवय आहे, आज वाचता वाचता हात आपोआप तपासला.

---

आउट ऑफ बाउंड | बुधवार, रात्री १०:४०

सगळ्यांचे आभार. ठरवलंय. तीन महिने डाव बंद. मित्रांना खांदा दुखतोय असं सांगितलंय (खांदाच दोषी आहे, तेव्हा पूर्ण खोटंही नाही). प्रोला हेडकव्हरबद्दल विचारलं. म्हणाला, पुढच्या आठवड्यात तेच करणार होतो, तुम्ही आलातच नाही.

---

चौथा पुट | बुधवार, रात्री १०:५५

तीन महिन्यांनी धागा वर काढा. हँडिकॅप वाढला तर मला आठवा.

---

आउट ऑफ बाउंड | (तीन महिने आणि काही दिवसांनी) रविवार, रात्री ९:१८

धागा वर काढतोय.

पहिले तीन आठवडे सात नंबर, अर्धा स्विंग, टोपी. टोपीला इतके फटके बसले की तिची लोकर निघाली. फोनवर संथ गतीचं चित्रण करत होतो. एकदा मी ठरवून, अतिरेक करून, चेंडू पार पॉइंटच्या खेळाडूकडे मारतोय असा क्लब फिरवला. मला वाटलं, हे चित्र बघून प्रो हसेल. चित्रात क्लब जेमतेम सरळ वाटेवर होता. मला जे प्रचंड वेडंवाकडं वाटतं ते दिसायला साधं असतं, आणि जे साधं वाटतं ती जुनी ओढ. ताईंचा लंगडणारा रुग्ण मीच. तेव्हापासून 'कसं वाटलं' हे स्वतःला विचारणं सोडलं, आधी फोन बघतो.

पाचव्या आठवड्यात चेंडू पहिल्यांदा उजवीकडे निघून डावीकडे वळला. म्हणजे ड्रॉ. आठ वर्षांत पहिला. मी इतका दचकलो की पुढचे दहा चेंडू बिघडले.

क्रिकेटचं म्हणाल तर गल्ली क्रिकेट ह्यांचं निदान शंभर टक्के खरं निघालं. प्रोने मला टेबल टेनिसचा टॉपस्पिन मारायला सांगितला. टीटी मी कधी नीट खेळलोच नव्हतो, त्यामुळे त्यात वाईट सवयी नव्हत्या. हात आपोआप फिरला. कव्हर ड्राइव्हला त्याने हात लावला नाही, शेजारी दुसरं घर बांधलं.

हँडिकॅप: मध्यंतरी २७ झाला होता (चौथा पुट, आठवलात). आज २३. म्हणजे एक. तीन महिन्यांत एक. हिशोब करू नका, मी केलाय.

काल पहिल्यांदा डाव खेळलो. पहिल्या टीवर तिघं मागे उभे, हात ओले, आणि नव्या स्विंगचा मागमूस नाही. स्लाइस. दुसरा, तिसरा बरा. सहावा, तो पाण्याचा. मी ड्रायव्हर ठेवून दिला, पाच नंबर काढला, क्लबचं डोकं एक्स्ट्रा कव्हरला फेकलं, चेंडू फेअरवेवर. पुढे दहा होलांत ड्रायव्हर सात वेळा काढला, पाच सरळ, एक डावीकडे, एक जुना.

गंमत मामांची. त्यांना काही सांगितलं नव्हतं. मी टी खोचायला वाकलो की ते नेहमीप्रमाणे उजवीकडच्या झाडीकडे निघायचे, आणि चेंडू फेअरवेच्या मधोमध पडायचा. ते तिथून चालत परत यायचे, काही न बोलता. तिसऱ्यांदा झाल्यावर म्हटलं, मामा, आता मधून चला. म्हणाले, "साहेब, कळतंय, पण पाय तिकडंच जातात."

अठराव्याला मी दमलो होतो, डाव बरोबरीत होता. मारला. जुना. उजवीकडे, झाडीत.

मामा तिथेच उभे होते. चेंडू पायाशी.

---

तिरकिट | रविवार, रात्री ९:३१

मग डाव कुणी जिंकला?

---

आउट ऑफ बाउंड | रविवार, रात्री ९:३३

त्यांनी. पण झाडीत चेंडू शोधायला वेळ गेला नाही.